तीच बीअर, पण जळगावात वेगळी का लागते?

प्रश्न : मी जळगावचा. नोकरी धुळ्यात, त्यामुळे दोन्ही गावांचं पाणी पितो. मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याच्याकडे गेलो की तो मला क्राफ्ट बीअर प्यायला नेतो. गव्हाची, संत्र्याची साल घातलेली, कॉफीसारखी काळी, असे पाच-सहा प्रकार तिथे नळातून येतात. परत आल्यावर इकडे विचारलं की एकच उलट प्रश्न येतो, "स्ट्राँग का माइल्ड?" मध्यंतरी जळगावात एका बीअर शॉपीत पुण्यात प्यायलेल्याच कंपनीचा कॅन दिसला. हौसेने घरी आणला, तर चव मेलेली, ओल्या पुठ्ठ्यासारखी. हा आमच्या हवापाण्याचा गुण की आमच्या माणसांच्या आवडीचा?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : पाण्याला आधीच निर्दोष सोडून देऊ. तुमचा कॅन जिथे भरला गेला, तिथून तो बंद झाकणाने आला. त्यात तापीचा थेंब नव्हता आणि गिरणेचाही नव्हता.

पाण्याबद्दलची ही शंका मात्र खुळी नाही. एके काळी बीअरची चव खरोखर विहिरीवर ठरायची. चेक प्रदेशातल्या पिल्सेन गावचं पाणी अगदी मऊ, म्हणून १८४२ मध्ये तिथे फिकट सोनेरी, हलकी बीअर जमली. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथे कडवट पेल एल खुलली. आपल्याकडे काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, पातेल्याला पांढरा थर धरतो, तेव्हा जुन्या काळी खान्देशात कोणी बीअर केली असती तर ती पिल्सेनसारखी झाली नसती हे खरं. पण आता कुठलाही कारखाना पाणी आधी आरओतून काढतो, ते कोरं करतो आणि मग हव्या त्या बीअरला हवे ते क्षार मोजून घालतो. धुळ्याच्या एमआयडीसीत बसूनही पिल्सेनचं पाणी तयार करता येईल.

पाण्याचा प्रश्न आज चवीचा नाही, पुरवठ्याचा आहे. महाराष्ट्रातले मोठमोठे बीअर कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग, एबी इनबेव्ह ही सगळी मंडळी तिथे. जळगाव किंवा धुळ्याहून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये फक्त डोंगराची एक रांग. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यात टँकर फिरत असताना बीअर कारखान्यांना पाणी कसं, असा सवाल उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. म्हणजे ज्या मुलखाला प्यायला पाणी पुरत नाही त्याच मुलखात महाराष्ट्राची बीअर बनते. आणि तुमच्या खान्देशापासून ती काही लांब बनत नाही. मग अडतं कुठे?

अडतं तीन ठिकाणी : ऊन, काळ आणि खप. तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, पण उन्हापासून सुरुवात करू, कारण त्यात खान्देशाचा हात कोणी धरणार नाही.

कारखान्यात बनणारी नेहमीची बाटलीबंद बीअर गाळलेली असते. भरल्यानंतर ती साधारण ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याच्या फवाऱ्यांखालून नेतात, म्हणजे आत उरलेसुरले यीस्ट आणि जंतू मरतात. ही युक्ती पाश्चरची. दुधाच्या आधी तो वाइन आणि बीअरच्याच मागे लागला होता. बीअरवरचं त्याचं पुस्तक १८७६ चं आहे. अशी बीअर सहा महिने टिकते, टेम्पोतले हाल सोसते, गोदामात पडून राहते. क्राफ्ट बीअर बहुतेक वेळा गाळत नाहीत किंवा अर्धवट गाळतात, तापवत तर सहसा नाहीत. तिची सगळी गंमत यीस्टच्या वासात आणि हॉप्स नावाच्या फुलांच्या ताज्या सुगंधात असते आणि उष्णतेने आधी नेमकं तेच जातं. नेहमीची बाटली आणि क्राफ्ट बीअर यांच्यात दूध पावडर आणि धारोष्ण दूध यांच्याइतकं अंतर आहे. पावडर कुठेही पोचते. धारोष्ण दूध चारशे किलोमीटर नेऊन दाखवा.

आता हिशेब करा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बीअर शिळी होण्याचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो, असा ठोकताळा आहे. फ्रिजात ४ अंश आणि मे महिन्यातल्या जळगावच्या पत्र्याच्या गोदामात ४४ अंश, म्हणजे चार टप्पे. दुपटीने धरलं तरी सोळा पट. पुण्याच्या शीतगृहात जवळपास चार महिन्यांत जेवढी बीअर उतरेल तेवढी ती तुमच्याकडे आठवड्याभरात उतरते. आणि ४४ हा आकडा मी सावलीतला धरला आहे. भुसावळचे लोक यावर हसतील.

तुमच्या कॅनचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. पुण्यात तो थंड खोलीतून निघतो. पुढे ठोक विक्रेत्याचा टेम्पो, त्यावर ताडपत्री, आत थंडावा कसला. संध्याकाळी जळगावात उतरतो. शॉपीत दोन-तीन काचेचे फ्रिज असतात, पण त्यांत पहिला मान धावत्या मालाला. स्ट्राँगच्या बाटल्या दारालगत, हात घातला की मिळतील अशा, कारण दर पाच मिनिटांनी एक गिऱ्हाईक "थंडी शे का, भाऊ?" म्हणत येणार आहे. क्राफ्टचा कॅन महिन्यातून चार जण मागतात. तो जातो वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, चिप्सच्या पुड्यांशेजारी. तुम्ही मागितलात की मालक तो काढतो, शर्टाच्या बाहीने धूळ पुसतो आणि "दहा मिनिटं फ्रिजरला टाकतो साहेब" म्हणतो. दहा मिनिटांत कॅन गार होतो. गेलेली चव परत येत नाही.

तुम्ही चव ओल्या पुठ्ठ्यासारखी म्हणालात. बीअर चाखणाऱ्या लोकांच्या शब्दकोशात हा दोष अगदी याच नावाने आहे. बीअरमध्ये थोडा जरी प्राणवायू राहिला आणि वरून उष्णता मिळाली की ट्रान्स-२-नोनेनाल नावाचा पदार्थ जाणवू लागतो आणि त्याचा वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा. तेव्हा जिभेचं निदान बरोबर होतं. दुसरा दोष उजेडाचा. हॉप्समधल्या कडवट द्रव्यावर प्रकाश पडला की त्यातून गंधकाचा एक उग्र, कुबट वास सुटतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी काच जवळजवळ अडवत नाही, कॅन पूर्ण अडवतो. म्हणजे तुमच्या कॅनला ट्यूबलाइटने काही केलं नाही. त्याला खान्देशच्या उन्हाने मारलं.

यात इतिहासाने केलेली एक थट्टा आहे. क्राफ्टवाल्यांची सगळ्यांत लाडकी बीअर म्हणजे आयपीए, इंडिया पेल एल. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडहून पिंपांत भरून कित्येक महिन्यांच्या जहाजप्रवासाने मुंबईला यायची. जास्त हॉप्स घालून आंबवलेली ती बीअर विषुववृत्त ओलांडून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या मेसमध्ये टिकायची. आज त्याच नावाची बीअर पुण्याहून जळगावात येईपर्यंत मान टाकते. कारण आजच्या आयपीएत लोकांना हॉप्सचा कडूपणा नको असतो, आंब्या-संत्र्यासारखा ताजा सुगंध हवा असतो, आणि तो काही आठवड्यांचाच पाहुणा.

आता खपाकडे येऊ. मला विचाराल तर खरी गोम इथेच आहे. ऊन पुण्यातही पडतं, आणि फ्रिज विकत घेता येतो.

नळातून येणारी बीअर जिथे बनते त्याच जागी विकायची, ही मायक्रोब्रुअरीची मूळ कल्पना. भारतात ती गुरुग्रामला २००८ च्या सुमारास सुरू झाली. महाराष्ट्रात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शौफ यांना सोबत घेऊन २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू केली. मुंबईला स्वतःची पहिली मायक्रोब्रुअरी मिळायला २०१३ साल उजाडलं. पुढे पुण्यात इंडिपेन्डन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट अशी रांगच लागली. बीअरच्या बाबतीत पुण्याने मुंबईला मागे टाकलं, हे पुणेकर तुम्हाला न विचारता सांगतील.

पण ही पुणेकरांच्या रसिकतेची कमाई समजू नका. एक हिशेब बघा. मायक्रोब्रुअरीची टाकी साधारण पाचशे किंवा हजार लिटरची असते. हजार लिटर म्हणजे ३३० मिलीचे तीन हजार ग्लास. बीअर तयार व्हायला प्रकारानुसार दोन ते चार आठवडे लागतात आणि तयार झाल्यावर ती ताजी असतानाच संपावी लागते. दोन आठवड्यांत संपवायची म्हटलं तर एका टाकीमागे रोज दोनशेवर ग्लास विकायचे. आणि तुम्ही पुण्यात पाच-सहा प्रकार पाहिलेत, म्हणजे पाच-सहा टाक्या. रोज हजारभर ग्लास. शनिवारी ते सहज जातील, पण मंगळवारी कोण पिणार? हिंजवडी, खराडी, मुंढवा या भागांत मंगळवारी रात्रीही दोनशे-तीनशे तरुण पोरंपोरी खिशात पगार घेऊन बसलेली असतात. जळगावात मंगळवारी रात्री साडेनऊला सराफा बंद करून माणूस घरी जेवायला जातो.

त्यात आपलं पंचांग. श्रावण लागला की खप बसतो. गटारीला जो उसळतो तो महिनाभराचा निरोप घेऊनच. खान्देशात तर श्रावणात कानबाई घरी येते, रोट होतात, भाऊबंद जमतात, त्या दिवसांत घरात बाटलीचं नावही कोणी काढत नाही. शिवाय सरकारी ड्राय डे, निवडणुकांचे दिवस, विसर्जन. बाटलीला याचं काही नाही, ती थांबते. टाकीतल्या बीअरला श्रावण कळत नाही. ती आपल्या गतीने उतरत जाते आणि शेवटी गटारात ओतावी लागते.

आणखी एक गोष्ट आहे, ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही. पुण्यात मायक्रोब्रुअरी हे उजेडातलं ठिकाण आहे. मोठ्या खिडक्या, काचेमागे चकाकत्या टाक्या, टेबलाशी बायका-मुली, कधी सासूबाईसुद्धा. आपल्याकडचं परमिट रूम म्हणजे काळ्या काचा, लाकडी पार्टिशन आणि मंद दिवा, कारण बसणाऱ्याला दिसायचं नसतं. जळगाव-धुळ्यात पुढच्या टेबलावर मामेसासरे किंवा मुलाचे वर्गशिक्षक निघण्याची शक्यता खरोखरची असते. म्हणून लोक हायवेच्या ढाब्यावर जातात, मळ्यात भरीत पार्टी करतात, किंवा काळ्या पिशवीतून घरी आणतात. क्राफ्ट बीअरला बघण्याबरोबरच बघितलं जाण्याची तयारी असलेलं गिऱ्हाईक लागतं. ते खान्देशात नाही असं नाही. ते पुण्यात जाऊन पितं, तुमच्यासारखंच.

आवडीबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर थोडक्यात. 'स्ट्राँग का माइल्ड' हा खान्देशी अडाणीपणा नाही. देशात विकल्या जाणाऱ्या बीअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा फार मोठा आहे. करामुळे बीअर महाग, त्यामुळे गिऱ्हाईक रुपयामागे किती चढते ते बघतं. ज्याला ८ टक्क्यांची बाटली जवळपास तेवढ्याच पैशांत मिळते, तो ४ टक्क्यांची कशाला घेईल? हा बाजारातला शुद्ध व्यवहार आहे आणि तो नंदुरबारपासून दिल्लीपर्यंत सारखाच चालतो.

मोठं शहर असेल तरच काही होतं, असंही नाही. सिम्बा ही बीअर छत्तीसगडातल्या दुर्गची. २०१५ मध्ये बाजारात आलेली बिरा ९१ सुरुवातीला बेल्जियममध्ये बनून यायची, मग तिचं उत्पादन इंदूरला आलं, पुढे नागपूरलाही. इंदूर म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडने सरळ वर, अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. पुण्यापेक्षा जवळ! पण रस्त्याने जवळ असलेली बीअर कायद्याने जवळ असतेच असं नाही. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी, तिची वर्षाची फी, वाहतुकीचे परवाने, निराळा कर. मोठी कंपनी हे सोसते. लहान कंपनी दोन-तीन राज्यं धरते आणि त्यातही मोठी शहरं. म्हणून गोव्यात बनणाऱ्या कितीतरी चांगल्या बीअर तुम्हाला फक्त गोव्यातच दिसतात. तिथे कर कमी, पर्यटक भरपूर, परवाना सोपा.

खान्देश तर तीन कायद्यांच्या तिठ्यावर बसला आहे. शिरपूरच्या पुढे हाडाखेडचा नाका ओलांडला की मध्य प्रदेश, दर वेगळे, लेबलं वेगळी. पश्चिमेला नवापूर, तिथे रेल्वे स्टेशनचाच अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. फलाटाच्या एका टोकाला परवान्यावर चालणारी वस्तू दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरते. मध्य प्रदेशातल्या सेंधव्याहून दोन बाटल्या पिशवीत घालून आणू, असा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. परराज्यातली दारू विनापरवाना आणणं हा गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यावर उत्पादन शुल्कवाल्यांची नजर बारीक असते.

प्रश्न : आमच्याकडे केळी आहे, ज्वारी आहे. खान्देशची स्वतःची बीअर का होऊ नये? केळीची बीअर असते म्हणे?

उत्तर : असते, आणि आपल्या नवतरुण ब्रूमास्टरांच्या आधीपासून असते. रवांडा, बुरुंडी, युगांडा, टांझानिया हा सगळा पट्टा केळीची बीअर पितो. रवांडात तिला उर्वाग्वा म्हणतात. कच्चे घड खड्ड्यात पानांखाली झाकून तीन-चार दिवस पिकवायचे, सोलून गवताबरोबर मळायचे, गवत चोथा धरून ठेवतं आणि रस सुटतो. तो गाळून त्यात पाणी आणि भाजलेल्या ज्वारीचं पीठ टाकायचं. दोन-तीन दिवसांत बीअर तयार. किलिमांजारोच्या उतारावरचे चागा लोक ज्वारीऐवजी नाचणी घालतात, तिचं नाव म्बेगे. म्हणजे सामान सगळं यावल-रावेरच्या बांधावरचं आहे.

अडचण केळीच्या जातीची. आफ्रिकेत बीअरची केळी वेगळी असतात, तुरट आणि रसाळ. जळगावची ग्रँड नैन खायची केळी. दाबली तर रस सुटत नाही, लगदा होतो. एन्झाइम घालून रस काढता येतो, पण मग खड्डा-गवताची गोष्ट राहत नाही, कारखाना येतो. शिवाय नियमांच्या दृष्टीने धान्याचा माल्ट नसेल तर ती बीअरच नाही, ती फळाची वाइन.

गंमत म्हणजे केळीच्या जिल्ह्यातला माणूस पुण्यात जाऊन गव्हाची बीअर पितो आणि म्हणतो, "अरे, हिला केळीचा वास येतो!" तुम्हालाही आला असेल. त्या बव्हेरियन पद्धतीच्या हेफेवाइझनमध्ये केळीचा तुकडाही नसतो. तिचं खास यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अॅसिटेट तयार करतं, आणि पिकलेल्या केळीलाही तो वास त्याच द्रव्याने येतो. आंबवण्याचं तापमान थोडं वाढवलं की वास वाढतो.

ज्वारीची बीअर मात्र अगदी होण्यासारखी आहे. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना, अगदी गिनेसलासुद्धा, ज्वारीवर यावं लागलं. ते आले आणि लोक पीत राहिले. तांत्रिक कटकटी आहेत : ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुगतो, म्हणून ती वेगळी शिजवावी लागते, आणि तिच्या दाण्याला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळताना पिठाचा चिखल होतो. दोन्हींवर उपाय आहेत. पण महाराष्ट्रात ज्वारी आणि दारू हे शब्द एका वाक्यात आले की लोक सावध होतात, आणि ते स्वाभाविक आहे. धान्यापासून मद्य बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं सरकारी धोरण आलं तेव्हा डॉ. अभय बंग आणि इतरांनी त्याला कडाडून विरोध केला होता. भाकरीचं धान्य बाटलीत का, हा प्रश्न खान्देशात विचारला जाणारच. माझं मत विचाराल तर एखाद्या मायक्रोब्रुअरीच्या टाकीत पावसाने काळी पडलेली चार पोती ज्वारी गेली तर भाकरीला धक्का लागत नाही. अनुदानाचे कारखाने ही वेगळी गोष्ट होती.

आणि खान्देशचं स्वतःचं काही नाही असं तरी कसं म्हणायचं? सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा मोहाची फुलं पहाटे वेचतात, वाळवतात, भिजवून आंबवतात आणि मडक्याच्या भट्टीत उतरवतात. ती बीअर नाही, ऊर्ध्वपातनाने काढलेली दारू आहे. पण स्थानिक माल, लहान भट्टी, हाताची कला, प्रत्येक पाड्याची वेगळी चव, हे जे पुण्याच्या मेन्यूकार्डावर अभिमानाने छापलेलं असतं ते सगळं तिथे आहे. इंग्रजांच्या १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप ठेकेदारांच्या आणि मध्यवर्ती भट्ट्यांच्या हाती नेलं आणि पाड्यावरची भट्टी गुन्ह्यात जमा झाली. मध्य प्रदेशाने अलीकडे आदिवासींच्या मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान्यता दिली आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर मात्र अजून तिच्यावर छापेच पडतात.

प्रश्न : मग मी घरीच बीअर बनवली तर? यूट्यूबवर सगळं दाखवतात. आणि ते जमत नसेल तर इथे राहून बरी बीअर प्यायची कशी?

उत्तर : पहिल्याचं उत्तर एका शब्दात : नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. आपण पितो ती परवान्याने, बंदीला दिलेली सवलत म्हणून. परवान्याशिवाय घरी पाच लिटर केली काय आणि पाचशे केली काय, बनवणं हा गुन्हाच. यूट्यूबवरचे काका बहुधा अमेरिकेत असतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एल प्रकारची बीअर आंबवायला १८ ते २२ अंश लागतात, लागर प्रकारच्या बीअरला त्याहून खूप कमी. खान्देशातल्या एप्रिलात नुसत्या खोलीत ठेवलेली बादली ३८ अंशांना आंबेल आणि त्यात असे जड अल्कोहोल तयार होतील की चव थिनरसारखी लागेल आणि डोकं दोन दिवस धरेल.

दुसऱ्याचं उत्तर जरा कामाचं देतो. आपल्याकडे बीअर प्यायची तर क्राफ्टचं नाव बघू नका, दुकानाचा खप बघा. ज्या शॉपीत माल आठवड्याला फिरतो तिथली साधी लागर ही कोपऱ्यातल्या शॉपीत सहा महिने वाट बघत बसलेल्या भारी बीअरपेक्षा शंभर टक्के चांगली लागते. क्राफ्ट घ्यायचीच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्या. एप्रिल ते जूनमध्ये मालक फुकट देतो म्हणाला तरी विचार करा. बाटलीपेक्षा कॅन बरा. फ्रिजमध्ये आधीपासून असलेलाच मागा, फळीवरचा गार करून देतो म्हणाला तर नको म्हणा. काळी बीअर उन्हाळी प्रवासात थोडी तग धरते, आयपीए अजिबात धरत नाही.

ग्लास कोरडा, स्वच्छ हवा, तेलाचा हात न लागलेला. शेवभाजीचे तर्रीदार ओठ ग्लासला लागले की फेस क्षणात बसतो. तेल आणि बीअरच्या फेसाचं वैर आहे. चखण्याला भाजके शेंगदाणे घ्या, शेवभाजी जेवणाला राहू द्या. परमिट रूममध्ये कुठे नळाची बीअर मिळाली तर नळी शेवटची कधी धुतली ते विचारायला लाजू नका. ती दर दोन आठवड्यांनी धुवायची असते. वेटरने प्रश्नच समजला नाही असं दाखवलं तर बाटली मागवा.

पुण्याला मुलाकडे गेलात की तिथे प्या, निवांत प्या, आणि परतताना रेल्वेने या. इथे शॉपीत कॅन हातात घेतलात की तो उलटा करा. तळाला भरल्याची तारीख असते. ती तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल आणि मध्ये उन्हाळा गेला असेल, तर कॅन परत फळीवर ठेवून द्या.